एच८चा कोपरा

दुपारी १ वाजून २६ मिनिटांनी पांढऱ्याकडे राजा, उंट आणि दोन प्यादी होती. काळ्याकडे नुसता राजा. डाव बरोबरीत सुटल्यात जमा होता, पण पटावर बसलेल्या दोघांपैकी ते एकालाच माहीत होतं.

पेणमधल्या एका मानांकन स्पर्धेची ही शेवटची फेरी. जानेवारीतला रविवार, शाळेचा हॉल, मी पंच. दोन्ही खेळाडू पंधराशेच्या घरातले. नोकरी-धंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी पटावर बसणारे जे शेकडो लोक गावोगावी आहेत, त्यांतले दोघे. त्यांची नावं इथे देत नाही. पांढरा पेणचाच, पस्तिशीच्या आतला, गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारा. काळा रोह्याचा, साठीला टेकलेला, धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर काम करणारा. आदल्या रात्रीची पाळी संपवून तो तसाच सकाळच्या गाडीने आला होता.

अशा डावांबद्दल कोणी लिहीत नाही. बटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी खेळत होत्या तेव्हा सगळा महाराष्ट्र मोबाइलला चिकटला होता. त्या अंतिम लढतीतले दोन्ही क्लासिकल डाव आणि टायब्रेकचा पहिला डाव बरोबरीतच सुटले होते, आणि २८ जुलै २०२५ला शेवटच्या डावात निकाल लागला. त्या बरोबऱ्यांवर चर्चा झाल्या, व्हिडिओ निघाले. पेणमधल्या बरोबरीवर निकालपत्रकात अर्धा-अर्धा गुण लिहिला जातो आणि विषय संपतो. हा डाव मात्र मला मिनिटामिनिटाने मांडावासा वाटतो. जिंकलेला डाव हातातून जातो तेव्हा एक चाल चुकलेली दिसते, पण त्या चालीकडे नेणारी वाट कितीतरी आधीपासून तयार होत असते.

सकाळी ९:४०. अजून ३ तास ४६ मिनिटे

फेरी दहा मिनिटं उशिरा सुरू झाली. वेळ प्रत्येकी ९० मिनिटं, शिवाय पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. ही भर आहे म्हणून प्रत्येक चाल शेवटपर्यंत लिहावी लागते. वेळ संपत आला तरी सुटका नाही. मोबाइल बंद करून बाहेरच्या टेबलावर जमा. हॉलच्या मागच्या गल्लीत कारखाना होता आणि रंगाच्या गनचा कॉम्प्रेसर रविवारीही चालू होता. पेणला गणपती बारा महिने चालतो. भाद्रपदाला अजून सात-आठ महिने असले तरी परगावची आणि परदेशची मागणी आधी भागवावी लागते. त्या आवाजाबद्दल रोह्याच्या एका मुलाने तक्रार केली. पेणच्या मुलांना तो ऐकूच येत नव्हता.

पांढऱ्याने डी४ आणि मग उंट एफ४. लंडन पद्धत. क्लबच्या खेळाडूंमध्ये सध्या ती फार चालते, कारण पाठांतर कमी आणि पहिल्या दहा चालींत मरण नाही.

सकाळी १०:०५. अजून ३ तास २१ मिनिटे

पांढऱ्याचा घोडा ई५वर येऊन बसला. रोह्याच्या काकांनी दहा मिनिटं विचार केला आणि आपला काळ्या घरांवरचा उंट देऊन तो घोडा घेतला. (सगळे त्यांना काकाच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.)

बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी एवढं सांगायला हवं: प्रत्येकाकडे दोन उंट असतात. एक आयुष्यभर पांढऱ्या घरांवरून तिरका फिरतो, दुसरा काळ्या घरांवरून, आणि एकाला दुसऱ्याच्या घरात कधीच पाऊल टाकता येत नाही. काकांचा काळ्या घरांवरचा उंट गेला. आता पटावरची बत्तीस काळी घरं पांढऱ्याच्या ताब्यात, कारण त्याचा त्या घरांवरचा उंट अजून शाबूत होता. त्या बत्तीस घरांतलं एक एच८. पटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं.

सकाळी ११:००. अजून २ तास २६ मिनिटे

वजीर पटावरून गेले. २४व्या चालीला काळ्याचं ए-प्यादं पडलं. आखणीवाला एका चालीवर एकोणीस मिनिटं बसला होता, आणि ती एकोणीस मिनिटं वाया गेली नव्हती. चाल सुरेख होती.

त्याच्या हाताकडे माझं लक्ष जात होतं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, अंगाला रंग लागतो, आणि शेवटी ती आखणीवाल्यापुढे येते. बारीक ब्रशने पापणी, बुबुळ, भुवई. कारखान्यात वीस माणसं असली तरी डोळ्यांना हात लावणारे एक-दोनच, आणि मूर्तीची किंमत पुष्कळदा त्या डोळ्यांवर ठरते. या माणसाच्या नखांच्या कडांना पांढरा रंग होता आणि सोंगटी उचलताना बोटं जराही हलत नव्हती. उचलायची, नेमकी घराच्या मध्यावर ठेवायची, मग घड्याळ दाबायचं, मग लिहायचं. शेवटपर्यंत त्यात फरक पडला नाही. पुढे त्याच्या घड्याळात दोन मिनिटं उरली तेव्हाही बघणाऱ्याला काही घडतंय असं वाटलं नाही, ते त्यामुळे.

सकाळी ११:३५. अजून १ तास ५१ मिनिटे

इथे थांबायला हवं.

पांढऱ्याकडे दोन उंट, काळ्याकडे उंट आणि घोडा. हत्ती नुकतेच मिटले होते. पांढरा एका प्याद्याने पुढे. काळ्याचा घोडा सी५वर बसला होता आणि त्याच्या अख्ख्या फौजेत जीव असलेली सोंगटी तेवढीच होती. सी५ हे काळं घर. पांढऱ्याने काळ्या घरांवरच्या उंटाने तो घोडा घेतला, काळ्याने बी-प्याद्याने उंट घेतला.

ही चूक होती का? मी घरी जाऊन डाव इंजिनला दाखवला. इंजिनलाही तीच चाल पसंत. काळ्याचं बी-प्यादं सी स्तंभात गेलं, ए-प्यादं आधीच पडलेलं, त्यामुळे पांढऱ्याचं ए-प्यादं मोकळं झालं. आठव्या घरापर्यंत त्याला अडवणारं दुसरं प्यादं नाही. एक मोकळं प्यादं जास्त, समोर फक्त एक उंट. कोणत्याही प्रशिक्षकाने याला शाबासकी दिली असती, आणि मीही देतो.

तरीही घटनाक्रमातली पहिली खूण इथेच करावी लागते. आता दोघांकडेही एकेक उंट उरला, दोन्ही पांढऱ्या घरांवरचे. मघाशी जी बत्तीस काळी घरं पांढऱ्याच्या मुठीत होती, त्यांवर आता कोणाचंच राज्य नव्हतं. एच८ मोकळं झालं. त्या क्षणी पटावर एवढी प्यादी होती की या कोपऱ्याचा विचार करायचं कोणालाच कारण नव्हतं. मलाही नव्हतं.

दुपारी १२:३०. अजून ५६ मिनिटे

काकांनी बरोबरीचा प्रस्ताव दिला. रीतीप्रमाणे, आपली चाल करून आणि घड्याळ दाबायच्या आधी. दोघांनी आपापल्या कागदावर त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह काढलं. आखणीवाल्याने मान हलवून नको म्हटलं. त्याचं बरोबरच होतं. एका प्याद्याने पुढे असलेला माणूस शेवटच्या फेरीत बरोबरी का घेईल? जिंकला तर बक्षिसात आला असता. सारख्या मानांकनाच्या खेळाडूला हरवलं तर दहा गुण मिळतात, बरोबरीत काहीच नाही. आणि फिडेने १ मार्च २०२४पासून मानांकनाची तळपातळी १४०० केल्यापासून या पट्ट्यात एवढी दाटी झाली आहे की दहा गुणांचं मोल सगळ्यांना कळतं.

पण घड्याळं बघा. पांढऱ्याची १६ मिनिटं, काळ्याची ३६. हा फरक चांगल्या चाली शोधण्यात गेला होता. जिंकत असलेल्या माणसाचा वेळ नेहमी जास्त जातो, कारण राखायचं त्याला असतं. काका ज्या स्थितीत होते तिथे चालींना पर्यायच थोडे, म्हणून चाली पटापट होतात. मी कितीतरी स्पर्धांत हे पाहिलं आहे: पटावरचा फायदा एकाकडे आणि घड्याळातला दुसऱ्याकडे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात घड्याळातला फायदा पटावर उतरतो.

दुपारी १:०५. अजून २१ मिनिटे

ए-प्यादं पुढे सरकत सरकत ए७वर आलं. पांढऱ्याचा राजा त्याला सोबत करायला वजिराच्या बाजूला गेलेला. तेवढ्यात काळ्या राजाने मधली प्यादी साफ केली. ५८व्या चालीला ए८वर प्यादं वजीर झालं, काळ्या उंटाने तो वजीर घेतला, पांढऱ्या उंटाने तो उंट घेतला.

बघायला जमलेल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. संपलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पांढऱ्याकडे अख्खा उंट जास्त. दोन-तीन मुलं दुसऱ्या पटाकडे निघूनही गेली.

काका मात्र राजीनामा देत नव्हते, आणि ते केवळ हट्टाने नव्हतं. त्यांनी तो उंट जाणूनबुजून दिला होता. त्यांच्या हिशेबात पांढऱ्याचा उरलेला उंट पांढऱ्या घरांवरचा होता आणि राजाच्या बाजूला प्यादी उरली होती ती जी आणि एच स्तंभातली. जी-प्यादं नाहीसं करता आलं तर?

ही जुनी विद्या आहे. १६२३च्या सुमारास इटलीच्या ग्रेकोने ती लिहून ठेवली होती, म्हणजे चारशे वर्षांची. काठावरचं प्यादं, एच स्तंभातलं, वजीर व्हायला शेवटी एच८वर पोचतं. एच८ काळं घर. त्या घरावर नियंत्रण ठेवायला काळ्या घरांवरचा उंट लागतो. तुमचा उंट पांढऱ्या घरांवरचा असेल, तर समोरचा राजा एच८च्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तुम्ही त्याला तिथून हुसकावू शकत नाही. जवळ गेलात तर त्याला चालच उरत नाही, आणि शह नसताना चाल न उरणं म्हणजे स्टेलमेट, बरोबरी. एच स्तंभात एक प्यादं असो, दोन असोत की तीन, फरक पडत नाही. मधल्या कोणत्याही स्तंभातलं प्यादं असतं तर कुठलाही उंट चालला असता. काठ मात्र वेगळाच वागतो.

काकांना ही विद्या पुस्तकातून आली नव्हती. रोह्याला त्यांच्या वडिलांनी शिकवली होती, हे नंतर कळलं.

दुपारी १:१५. अजून ११ मिनिटे

पांढरा राजा परत आला. वाटेत उरलीसुरली काळी प्यादी गिळत आला. ए८च्या कोपऱ्यातला उंट ई४वर, पटाच्या मध्यावर आला. काळा राजा मागे, जी७वर. काळ्याकडे आता राजा आणि एच६वर एक प्यादं. घड्याळं: पांढरा चार मिनिटांच्या आत, काळा पंचवीसच्या आसपास.

मी पटाजवळ उभा होतो. पंचाला इथे बोलता येत नाही. चाल नियमबाह्य असेल तर मी थांबवतो, एकच स्थिती पाचव्यांदा आली तर थांबवतो, ७५ चालींत ना मार ना प्यादं हललं तर थांबवतो. चाल चुकीची असेल तर नाही. समोर जे येतंय ते मला दिसत होतं. बघणाऱ्यांतल्या एका मुलीलाही दिसत होतं. तिने ओठ घट्ट मिटले होते. कोणी खोकलं तरी खूण समजली जाईल, म्हणून मी मुलांना दोन पावलं मागे सरकवलं.

दुपारी १:२४. अजून २ मिनिटे

पांढरा राजा एफ४वर, उंट ई४वर, एक प्यादं जी४वर, दुसरं एच३वर.

७१वी चाल, पांढऱ्याची: एच४. ही चाल उत्तम होती, आणि मला हे ठासून सांगावंसं वाटतं. त्याला पुढच्या चालीला जी५ करायचं होतं. काळ्याने एच६च्या प्याद्याने ते घेतलं, की एच४च्या प्याद्याने परत घ्यायचं, म्हणजे आपलं प्यादं जी स्तंभात राहील. आधी एच४ न करता जी५ केलं असतं तर राजाने परत घ्यावं लागलं असतं आणि उरलं असतं ते एच स्तंभातलं. म्हणजे काठावरच्या प्याद्याचा धोका त्याला माहीत होता. तो टाळण्याची तयारी त्याने अडीच मिनिटांत, अंगात थकवा असताना, केली. हा अडाणी खेळाडू नव्हता.

काकांची चाल: एच५.

प्यादं एक घर पुढे, सरळ जी४च्या तोंडात. मघाशी पाण्याची बाटली उघडताना थरथरलेला त्यांचा हात या वेळी थरथरला नाही.

दुपारी १:२५. अजून १ मिनिट

आता पांढऱ्याकडे एकच जिंकणारी चाल होती, आणि ती त्याने आधीच ठरवलेली होती: जी५. प्यादं मारायचं नाही, त्याच्या बाजूने पुढे जायचं. जी-प्यादं जी स्तंभातच राहतं. मग ई४चा उंट हलवायचा नाही, म्हणजे काळ्या राजाला जी६वर येता येत नाही. राजा ई५, ई६, एफ६ असा आत शिरवायचा. मग उंट एफ३ आणि एच५वरचं प्यादं खिशात. जोडीची दोन प्यादी आणि उंट यांच्यापुढे एकटा राजा टिकत नाही.

बाकी सगळ्या चाली बरोबरीच्या. उंट हलवला किंवा राजा हलवला तर काळा जी४ घेतो आणि उरतं ते फक्त एच-प्यादं.

त्याच्या घड्याळात एक मिनिट ५० सेकंद होते. त्याने त्यातले चाळीस सेकंद वापरले. या चाळीस सेकंदांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मनात जी५ होतं, पण ते एच६वरच्या प्याद्यासाठी ठरवलेलं. समोरचं प्यादं हललं आणि प्रश्नच बदलला असं त्याला वाटलं. प्रश्न तोच होता, उत्तरही तेच होतं. पण फुकटचं प्यादं समोर असलं की हिशेबाची सुरुवात त्या प्याद्यापासून होते. घेतलं की काळ्याकडे नुसता राजा. नुसत्या राजाशी उंट आणि दोन प्यादी. आपण लहानपणी घरी खेळायला शिकतो तेव्हा समोरच्याचा राजा एकटा उरला म्हणजे डाव झाला, हीच समज हाडात भिनलेली असते.

मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. १२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात डिंग लिरेनचं असंच झालं. तासन् तास तो बरोबरीचा डाव शांतपणे सांभाळत होता. ५५व्या चालीला त्याने हत्ती एफ२वर नेला. हत्तींची मारामारी म्हणजे डाव आणखी सोपा, असं वाटायला लावणारी चाल. पण हत्तींपाठोपाठ उंटांचीही मारामारी करून देणं गुकेशला शक्य झालं, आणि मग उरलेला राजा-प्याद्यांचा डाव हरलेला होता. १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. डिंगने बरोबरीतला डाव घालवला, आमच्या आखणीवाल्याने जिंकलेला. पण दोघांनाही चकवलं ते एकाच गोष्टीने. डाव सोपा करणारी मारामारी सुरक्षित असते, हा समज.

दुपारी १:२६

जी४च्या प्याद्याने एच५चं प्यादं घेतलं. सोंगटी नेमकी घराच्या मध्यावर ठेवली. घड्याळ दाबलं. कागदावर लिहिलं.

काकांनी खुर्ची किंचित मागे सरकवली आणि राजा जी७वरून एच८च्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिथे न जाता आणखी दोन-तीन चाली करता आल्या असत्या. मला वाटतं, त्यांना त्या घरावर हात टेकवून खात्री करून घ्यायची होती.

दुपारी १:२७ ते १:४१

हा भाग बघणं कठीण होतं.

कळायला त्याला किती वेळ लागला? साधारण तीन चाली. राजा जी५वर आला, काळा राजा जी७वर. पांढरा थबकला, आणि त्याच्या मानेवरून मला कळलं. पण घड्याळात ३० सेकंदांची भर येत राहते, आणि माणूस खेळत राहतो. त्याने राजा दुसऱ्या बाजूने वळवून पाहिला. उंट लांबच्या तिरक्या रेषेवर नेला, परत आणला. एच४वरचं मागचं प्यादं हलवायचं राखून ठेवलं, जणू त्यात एखादी जादा चाल साठलेली आहे. काका जी७, एच८, जी८, एच८. त्यांनी पुन्हा बरोबरीचा प्रस्ताव दिला नाही. मी विचारलं नाही, पण कारण उघड होतं: समोरचा शोधत असताना त्याला डिवचणं त्यांना बरं वाटलं नसावं.

भर नसलेल्या घड्याळावर खेळत असते, तर शेवटच्या दोन मिनिटांत पंचाला बोलावून ‘हा जिंकायचा प्रयत्न करत नाही’ असा दावा करण्याची सोय असते. ३० सेकंदांची भर असली की ती सोय नाही. पटावरच संपवायचं.

एकदाच धोका आला. प्यादं एच६वर, पांढरा राजा जी६वर, काळा राजा जी८वर, आणि पांढऱ्याने उंट डी५वर आणून शह दिला. काळ्याला दोन घरं होती. एफ८ला गेला असता तर एच७ आणि पुढच्या चालीला नवा वजीर. म्हणजे चौदा मिनिटांत पांढऱ्याने एक खरा सापळा लावला होता, आणि रात्रपाळी करून आलेला, साठीचा माणूस त्यात सापडणं काही अशक्य नव्हतं. काकांनी दोन मिनिटं घेतली. त्यांच्याकडे वीस होती. मग एच८.

पांढऱ्याने एच७ केलं. काळा राजा कोपऱ्यात. जी८वर प्याद्याचा आणि उंटाचा मारा, जी७वर राजाचा, एच७चं प्यादं राजाने राखलेलं. शह नाही, चाल नाही. ८८ चाली. स्टेलमेट.

आखणीवाल्याने हात पुढे केला. मी दोघांच्या कागदांवर अर्धा-अर्धा गुण लिहिला आहे ना ते पाहिलं, सह्या घेतल्या, घड्याळ थांबवलं.

दुपारी १:५०

हॉलबाहेरच्या ओटीवर दोघांनी पट मांडला. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तो कोणत्याही निकालपत्रकात येत नाही.

‘काका, एच५ला मी जी५ केलं असतं तर?’

‘तर मी गेलो असतो. हे बघ.’

काकांनी पांढऱ्याच्या बाजूने खेळायला घेतलं. उंट ई४वरून न हलवता राजा आत कसा न्यायचा, ते त्यांनी स्वतःच्याच राजाला हरवून दाखवलं. मग पट फिरवून पुन्हा दाखवलं. एका टप्प्यावर आखणीवाल्याने घाईत उंट लगेच एफ३वर नेला, तेव्हा काकांनी काळा राजा जी६वर आणून प्यादं राखलं. उंट परत ई४, शह, राजा मागे. उंट पुन्हा एफ३, राजा पुन्हा जी६. ‘बघ, असं करत बसलास तर तीनदा तीच स्थिती आणि पुन्हा बरोबरी. आधी राजा आत.’

‘तुम्ही उंट दिलात तेव्हाच हे दिसत होतं?’

‘एच८ काळं आहे एवढंच दिसत होतं. तू जी५ करशील असंच मला वाटत होतं. मग हात मिळवला असता.’

मघाशी ओठ मिटून उभी असलेली मुलगीही ओटीवर येऊन बसली. वय अकरा-बारा. तिने विचारलं, पांढऱ्याकडे काळ्या घरांवरचा उंट असता तर? काकांनी ई४वरचा उंट उचलून शेजारच्या ई५वर ठेवला आणि बाकी सगळं तसंच राहू दिलं. ‘आता तू पांढरी. एच५ घेतलंस. जिंकून दाखव.’ तिने एक प्यादं पुढे नेलं, राजा जवळ आणला, कोपऱ्यातल्या राजाला बाहेर काढताना दोनदा स्टेलमेट करून बसली, तिसऱ्यांदा जमलं. आखणीवाला शेजारी बसून तिला प्रत्येक चालीला काळ्याची घरं मोजायला लावत होता: आता याला जायला कुठे आहे, सांग, नाही ना, मग ही चाल नको.

११:३५ची मारामारी कोणी काढली नाही. मीच विचारलं, सी५वरचा घोडा घेतलास ते योग्य होतं का? आखणीवाला म्हणाला, हो, आणि पुन्हा खेळलो तरी घेईन. काकाही म्हणाले, घ्यायलाच हवा होता. मग दोघांनी मिळून तिथून डाव पुढे नेला, आणि पाऊण तासाने त्यांना एक जागा सापडली जी इंजिनने मला त्या रात्री नंतर दाखवली: ४९वी चाल. पांढरा राजा तेव्हाच राजाच्या बाजूला राहिला असता आणि ए-प्याद्याला नुसत्या उंटाने सांभाळलं असतं, तर काळ्याला मधली प्यादी मिळालीच नसती आणि काठावरच्या प्याद्यापर्यंत गोष्ट आलीच नसती. त्या चालीला पांढऱ्याच्या घड्याळात अकरा मिनिटं होती आणि त्याने तिच्यावर वीस सेकंद घालवले होते. कागदावर चालीशेजारी वेळ लिहायची त्याला सवय आहे, म्हणून ते कळलं. त्याने त्या ओळीखाली पेनने रेघ मारली.

बक्षीस समारंभ तीनला होता. काकांची गाडी त्याआधीची. आखणीवाला त्यांना गाडीवरून स्टेशनला सोडायला गेला. तो आठवा आला आणि बक्षिसं सातपर्यंतच होती.